राखून ठेवलेलं मत

वॉशिंग्टन
२४ सप्टेंबर १९६९

लेनोरा,

आमच्या ऑफिसातून तुला गेलेलं ते छापील उत्तर आधी फाडून टाक. "आपले मत मोलाचे असून त्याचा योग्य वेळी विचार केला जाईल" असं त्यात आहे आणि खाली सिनेटर ओरिन हॅल्व्होर्सन यांची सही आहे. ती सही साहेबांनी केलेली नाही, यंत्राने केलीय. पाकिटावरचा पत्ता मात्र मी टाइप केला. 'मिस लेनोरा वेन्झेल, मिशनचा दवाखाना, पुनो, पेरू' एवढं अख्खं बडवलं, पुढचं पाकीट घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं, आणि मग माझी ट्यूब पेटली. तोवर टपालाची थैली खाली गेली होती. मी धावत गेले, पण लिफ्टवाला म्हणाला, "बाई, गाडी सुटली."

सख्ख्या बहिणीला छापील उत्तर! सहा वर्षांनी! आई असती तर तिने मला जेवायला वाढलं नसतं.

पण माझंही ऐक. सतरा वर्षं मी या माणसाची सेक्रेटरी आहे. रोज दोन-तीनशे पत्रं फोडते. बाजूने असलेली एका गठ्ठ्यात, विरोधातली दुसऱ्या, आणि ज्यांच्याशी कुणीतरी भिंतीतून बोलतं त्यांची तिसऱ्या. हात आपोआप चालतात. तुझं पत्र 'विरोधात'च्या गठ्ठ्यात पडलं होतं. ते मी बाहेर काढलं, चार वेळा वाचलं. तुझं अक्षर जरा वाकडं झालंय, तिकडच्या थंडीने असेल. तू मला लिहिलं नाहीस, माझ्या साहेबांना लिहिलंस, तेही 'महाशय' करून. साहेबांचं टपाल कोण फोडतं हे तुला माहीत नसावं असं मी धरून चालते. माहीत असेल तर तू माझ्यापेक्षा बेरकी आहेस, आणि त्याचा मला आनंदच आहे.

तू विचारलंयस की लिमात सेनापतींनी तेलाच्या विहिरी घेतल्या, त्याची शिक्षा माझ्या दवाखान्यातल्या दोनशे बारा पोरांना का. प्रश्न सरळ आहे. उत्तर तेवढं सरळ नाही, पण तू घरची आहेस म्हणून सांगते.

गेल्या ऑक्टोबरात तुमच्याकडे रणगाडे आले, राष्ट्राध्यक्षांना विमानात घालून देशाबाहेर पाठवलं, आणि सहा दिवसांत आपल्या तेल कंपनीवर त्यांचा झेंडा लागला. आपलं सरकार क्रांतीचं आहे असं ते सैनिक म्हणतात. असेल बाई. पण इकडे सिनेटने सात वर्षांपूर्वीच कायदा करून ठेवलाय: आपल्या माणसांची मालमत्ता कुणी घेतली आणि सहा महिन्यांत भरपाईचं काही हललं नाही, की त्या देशाची मदत बंद. एप्रिलमध्ये ते सहा महिने भरले. व्हाइट हाउसने 'बोलणी चालू आहेत' म्हणून दिवस ढकलला. मग पुन्हा ढकलला. तेव्हापासून इकडचे लोक पेटलेत. कायदा आम्ही करायचा आणि पाळायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं, हे कुठलं? म्हणून एक दुरुस्ती येतेय. मदतीच्या विधेयकाला ती एकदा चिकटली की दिवस ढकलायची सोयच संपली. पेरूला काही म्हणजे काही जाणार नाही. रस्ते, गहू, लशी, दूध पावडर, सगळं बंद.

माझे साहेब त्या दुरुस्तीच्या बाजूने आहेत. ते दुष्ट नाहीत. तू घाईघाईने तसं ठरवशील, म्हणून आधीच सांगते.

मी फक्त टपाल फोडते, लेनोरा. तुझं पत्र त्यांच्या टेबलावर सगळ्यात वर ठेवलंय. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. पण तू लिहिलंस, कुणालाही का असेना, त्याबद्दल थँक्यू.

आर्डिथ

वॉशिंग्टन
९ नोव्हेंबर १९६९

लेनी,

तुझ्या सात ओळी मिळाल्या. त्यातल्या दोन मला टोमणा मारायला खर्च केल्यास, तरी पाच उरल्या आणि त्या पाचांवर मी आठवडा काढला. फोटोही मिळाला. पोरांच्या गालांना झालंय काय? उन्हाने फुटलेत की थंडीने? आणि त्या कोपऱ्यातल्या लोकरी टोपीवालीला सांग, जीभ काढून दाखवणं बरं नव्हे. मी तो फोटो टाइपरायटरच्या मागे लावलाय.

कॅप्टनची गोष्ट मी साहेबांना सांगितली. म्हणजे असं झालं. मी पत्रांचा गठ्ठा घेऊन आत गेले तर ते तुझं पहिलं पत्र हातात धरून बसले होते.

"आर्डिथ, ही नर्सबाई आपल्या राज्यातली दिसतेय. आडनाव तुमचंच आहे."

"माझी धाकटी बहीण आहे, साहेब."

"सतरा वर्षांत कधी बोलला नाहीत."

"आम्ही बोलत नव्हतो म्हणून बोलले नाही."

यावर ते जरा हसले. मग मी सांगितलं की दुधाच्या पोत्यांवर 'अमेरिकन जनतेकडून भेट' असं छापलेलं असतं, ते बघून तिथल्या लष्कराचा कॅप्टन दवाखान्यात आला आणि म्हणाला, मॅडम, दूध राहू दे, पण ही अक्षरं आमच्या पोरांना दिसता कामा नयेत. आणि तू सगळी पावडर काढून पोती उलटी केलीस आणि पुन्हा भरलीस, आणि कॅप्टनने स्वतः बाह्या वर करून मदत केली. साहेब टेबलावर हात आपटून हसले. "शहाणा माणूस आहे! त्याच्या जागी मीही तेच केलं असतं."

मला वाटलं, जमलं. मी म्हटलं, "मग साहेब, दुधापुरती तरी सूट..."

त्यांचं हसू लगेच गेलं. "बसा," म्हणाले. मला बसायला सांगतात तेव्हा उत्तर 'नाही' असतं. म्हणाले, "तुमच्या बहिणीचं दूध खरं आहे. पण उद्या गव्हाचा माणूस येईल, त्याचा गहू खरा असेल. परवा रस्त्याचा येईल. त्याच्यानंतर एक कर्नल येईल आणि सांगेल की माझ्या ट्रकांचे सुटे भाग लशी पोचवायलाच लागतात. प्रत्येक सवलतीला एक चेहरा असतो, आर्डिथ, आणि चेहऱ्याला नाही म्हणणं मला जमत नाही. म्हणून मी कायद्याला हो म्हणतो. त्या सैनिकांनी जमीनदारांच्या जमिनी वाटल्या याचं मला वाईट वाटत नाही. माझा बापही दुसऱ्याच्या शेतावर राबला. पण आमचा कायदा कुणी धाब्यावर बसवणार असेल, मग तो त्यांचा सेनापती असो की आमचा राष्ट्राध्यक्ष, मी गप्प बसणार नाही."

त्यांचं बोलणं मला पटतं, तुझा फोटो बघितला की ते पटलेलं निघून जातं, आणि पुन्हा आत गेले की पुन्हा पटतं. दोन्हीकडून माझा भुगा झालाय.

आईबद्दल तू जे लिहिलंस त्याला उत्तर द्यायचं मी टाळत होते. तू लिहितेस, "तू तरी कुठे होतीस?" नव्हते. अधिवेशन चालू होतं. तुला पेरूहून ये म्हणून तारांवर तारा केल्या, तू आली नाहीस, आणि दफनानंतर आठवड्याने उगवलीस तेव्हा चर्चच्या तळघरात सगळ्यांच्या देखत मी तुला नाही नाही ते बोलले. पण मीसुद्धा आई गेल्यावर दुसऱ्या दिवशी पोचले होते, लेनी. शेवटी तिच्या उशाशी शेजारची ओपल होती. ते मला सहन होत नव्हतं म्हणून मी तुझ्यावर तोंड टाकलं. हे सहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. माफ कर.

दुरुस्तीवर डिसेंबरात मतदान होईल. अगदी काठावर आहे म्हणतात. एखाददुसऱ्या मताचा खेळ आहे.

तुझी आर्डिथ

वॉशिंग्टन
१० डिसेंबर १९६९

लेनी,

घाईत लिहितेय. माझ्याकडून एक चूक झाली.

आमच्याकडे एक रीत आहे, तिला आम्ही जोडी म्हणतो. एखादा सिनेटर आजारी पडला, मतदानाला येऊ शकत नाही, तर तो पलीकडच्या बाजूच्या एखाद्याला विचारतो: माझं मत तुझ्या विरुद्ध पडणार होतं, मी नाही, तर तूही तुझं मत राखून ठेवशील का? तो हो म्हणाला की जोडी झाली. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. बहुतेक वेळा सिनेटर एकमेकांना विचारतसुद्धा नाहीत, आम्ही सेक्रेटऱ्याच फोनवर ठरवतो. माझ्या तोंडून 'दिली' गेलं की साहेबांनी दिली. सतरा वर्षांत एकदाही मागे घेतलेली नाही. मोठ्या मतदानाला अर्थातच आधी साहेबांना विचारायचं असतं.

सोमवारी सिनेटर कूम्ब्जच्या सेक्रेटरी गँटबाईंचा फोन आला. कूम्ब्ज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, विरोधी पक्षाचे, आणि साहेबांशी त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी बघितलेलं नाही. गँटबाई म्हणाल्या, "अगं आर्डिथ, आमच्या म्हाताऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलंय आणि नेमकं तेव्हाच मतदान. तुमचे साहेब जोडी देतील का?" साहेब एका मित्राच्या दफनाला गावी गेले होते. मला वाटलं मंगळवारी गव्हाच्या भावाचं मतदान आहे. मी म्हटलं, "दिली."

मंगळवारी गव्हाचं नाही, पेरूचं आहे. झाला गोंधळ. साहेब परत आले की सांगते. ते गँटबाईंना फोन करून मोकळे होतील, त्यात काही नाही. अशा चुका होतात.

हे तुला का लिहितेय कोण जाणे. तू काळजी करू नकोस आणि आशाही लावून बसू नकोस.

आर्डिथ

वॉशिंग्टन
१७ डिसेंबर १९६९

लेनी,

दुरुस्ती पडली. त्रेचाळीस विरुद्ध त्रेचाळीस. बरोबरी झाली की दुरुस्ती पडते. तुझं दूध चालू राहील.

आता खरं सांगते. गव्हाचं मतदान वगैरे सगळी थाप होती. गँटबाईंनी फोनवर 'पेरू' असं स्वच्छ म्हटलं होतं. मी 'पेरू' ऐकलं, समोर तुझी ती जीभ काढणारी पोरगी होती, आणि मी म्हटलं, "दिली." मग तुला पत्र लिहायला बसले आणि तुझ्याशीही खोटं बोलले, कारण खरं कागदावर उतरवायची हिंमत नव्हती. साहेब गुरुवारी परतले, मी त्यांना सांगितलं नाही. शुक्रवारीही नाही. सोमवारी त्यांच्या दारापर्यंत तीनदा गेले आणि तीनदा पेन्सिली घेऊन परत आले.

मंगळवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर ऑफिसच्या इमारतीखालच्या भुयारातल्या छोट्या गाडीने सिनेटकडे निघाले. ते भाषणाची टिपणं वाचत होते, बाजूने बोलायची. म्हटलं, आता सांगते, आता सांगते. गाडी थांबली. समोर लिफ्टपाशी गँटबाई उभ्या, डोळे लाल.

त्यांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला. "सिनेटर, पहाटे भूल द्यायच्या आधी ते म्हणाले, ओरिनने जोडी दिलीय, आता मी निवांत झोपतो. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. फार नाही, एक श्वासभर. मग गँटबाईंना म्हणाले, "त्यांना सांगा, घाई करू नका. बरे होऊन या."

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. टिपणांची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

मी वर गॅलरीत जाऊन बसले. नावं पुकारायला लागले. 'हॅल्व्होर्सन' म्हटल्यावर ते उठले. त्यांचा आवाज मला पाठ आहे, पण तो एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. "या मतदानात माझी सिनेटर कूम्ब्ज यांच्याशी जोडी आहे. ते हजर असते तर त्यांनी विरोधात मत दिलं असतं. मला मोकळीक असती तर मी बाजूने दिलं असतं. म्हणून मी माझं मत राखून ठेवतो."

दुरुस्ती मांडणारे सिनेटर खुर्चीसकट वळले. त्यांच्यातला एक जण ताडकन उठून साहेबांच्या बाकाशी आला. वर गॅलरीपर्यंत ऐकू येत होतं. "ओरिन, डोकं फिरलंय का तुझं? एक मत कमी पडतंय!"

"मोजता येतं मला," साहेब म्हणाले आणि समोर बघत बसले.

दुपारी मी राजीनामा टाइप करून आत नेला. त्यांनी तो वाचला नाही.

"मी ती जोडी दिली होती का, आर्डिथ?"

"नाही, साहेब."

"विसरलात का? गोंधळ झाला?"

"नाही. मुद्दाम केलं."

"बहीण?"

"हो."

ते उठून खिडकीपाशी गेले. मला वाटलं आता ओरडतील, आणि खरं सांगते, ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. म्हटलं, "तुम्ही तिथेच का नाही सांगितलंत? एका शब्दात सुटला असतात."

"कूम्ब्ज ऑपरेशनच्या टेबलावर पडलेला. शुद्धीवर आल्यावर त्याला काय सांगू, आमच्या बाई खोटं बोलल्या?" मग माझा कागद माझ्याकडे सरकवला. "चांगला कागद वाया घालवलात. पण जोडीचा फोन उद्यापासून बर्निस घेईल. तुम्ही त्याला हात लावायचा नाही. कधीच."

आज सकाळी तो फोन माझ्या टेबलावरून उचलून शेजारी बसणाऱ्या बर्निसच्या टेबलावर नेला. टेबलावर त्याच्या पायांचे चार ठसे राहिलेत. मला तोंड लपवावंसं वाटतं, आणि त्याच वेळी इतकं भरून येतंय की समोर कुणी आलं तर मी त्याच्या गळ्यात पडेन. माझ्या खोट्याला त्या माणसाने आपलं नाव दिलं, लेनी. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही.

ख्रिसमसला तुमच्याकडे काय करतात? पोरांना माझ्याकडून गोड काहीतरी कर.

तुझी आर्डिथ

वॉशिंग्टन
२२ मे १९७०

प्रिय लेनी,

तुझं फेब्रुवारीतलं पत्र मी तीन महिने पर्समध्ये घेऊन फिरतेय. तू लिहिलंस की मार्चची पोती येतील, पोरं पितील, पण ढवळताना तुझा हात अडखळेल. की खोटं बोलून मिळालेलं दूध तू मागितलं नव्हतंस. की लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचं मत मी चोरलं, आणि तुझ्याकडचे सेनापतीही हेच करतात, फक्त रणगाडे घेऊन. हे वाचल्यावर मला तुझा असा राग आला म्हणून सांगू! चार दिवसांनी तो ओसरला. तू म्हणतेस ते खरं आहे. आपल्या घरात एवढं तोंडावर बोलणारी तूच आहेस, आणि तू पुन्हा मला बोलायला लागलीस याचंच मला अप्रूप आहे.

तुला एक बातमी द्यायचीय. साहेब हरले. बारा तारखेला पक्षातल्या उमेदवारीची निवडणूक होती, तिथेच. चार हजारांच्याही आत मतांनी. जानेवारीत ऑफिस बंद.

तो दुसरा उमेदवार महिनाभर रेडिओवर एकच गोष्ट वाजवत होता: पेरूच्या सेनापतींनी आपल्याला लुटलं आणि तुमचा सिनेटर मूग गिळून बसला. मी साहेबांबरोबर गावोगाव हिंडले. एका फायर स्टेशनात सकाळी पॅनकेकचा नाश्ता होता. एक शेतकरी ताट हातात घेऊनच उभा राहिला. "ओरिन, त्या दिवशी तुला तोंड नव्हतं का रे?"

"होतं. शब्द दिलेला होता."

"कुणाला?"

"कूम्ब्जला."

विरोधी पक्षाच्या माणसाचं नाव ऐकल्यावर लोकांनी जो गलका केला, तो विचारू नकोस. मी सिरपचा जग घेऊन उभी होते. मोटारीत बसल्यावर मी म्हटलं, "साहेब, मी उद्याच पेपरवाल्यांना सगळं सांगते. तुमच्या सेक्रेटरीने फसवलं म्हणून सांगते. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"काहीएक सांगायचं नाही," म्हणाले. "ते छापून आलं की उद्यापासून सिनेटमधल्या एकाही सेक्रेटरीच्या शब्दाला किंमत राहणार नाही. आजारी माणसाने मग काय करायचं?"

मी सिरपने चिकट झालेले हात रुमालाला पुसले.

परवा कूम्ब्ज आमच्या ऑफिसात आले. ऑपरेशननंतर वाळलेत बिचारे, हातात काठी आहे. साहेब समितीत होते, म्हणून ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"वाईट वाटलं हो, बाई," म्हणाले. "माझ्यामुळे गेला तो."

"तुमच्यामुळे नाही, सिनेटर."

"माझ्यामुळेच. मला अजून कोडं आहे. आमच्या बाईंनी तुम्हाला फोन केला त्याच्या आधीच्या गुरुवारी मी स्वतः ओरिनला गाठलं होतं. म्हटलं, मला जोडी देशील का? तर चक्क नाही म्हणाला. म्हणाला, मागशील ते देईन, पण या मतदानाला माझं मत मला पाहिजे. म्हणून आमच्या बाई सोमवारी तुम्हाला फोन करणार म्हणाल्या तेव्हा मी म्हटलं, कशाला तोंड वाया घालवता. आणि तुम्ही हो म्हणालात! मला वाटलं, दफनाला गेला होता, तिथे मन पालटलं असेल. नंतर दवाखान्यात भेटायला आला तेव्हा मी विचारलं, काय रे, कशाने पालटलं? तर म्हणाला, पोट दुखतंय का अजून?"

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. मला कुणी सांगितलंच नव्हतं, लेनी. मी समजत होते की साहेबांना त्या जोडीचं काहीच माहीत नव्हतं आणि लिफ्टपाशी अचानक त्यांच्या गळ्यात पडली. पण ते स्वतः नाही म्हणून आले होते! गँटबाईंना त्यांनी तिथल्या तिथे एवढंच म्हणायचं होतं: मी तुमच्या साहेबांना आधीच नाही सांगितलंय, विचारा त्यांना. ते खरं होतं, आणि दोन माणसांना माहीत होतं. तरी ते बोलले नाहीत.

मग मी कूम्ब्जना सगळं सांगितलं. तुझं, दुधाचं, माझं. ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी पाच महिने चुकीच्या माणसाचे आभार मानतोय," आणि मग स्वतःच मान हलवली. "छे. बरोबर माणसाचेच." आणि साहेबांची वाट न बघता निघून गेले.

दुपारी साहेब आले. टेबलावर घेवड्याचं सूप आणि पाव ठेवला होता. मी दार लावून घेतलं.

"डिसेंबरात तुम्ही कूम्ब्जना नाही म्हणाला होतात?"

"हो."

"तोंडावर?"

"तोंडावर."

"मग?"

त्यांनी पाव मोडला. "मग तुम्ही हो म्हणालात. एका ऑफिसातून दोन शब्द गेले, आर्डिथ. एक कुणाचा तरी खोटा पडणार होता. मी माझा पडू दिला."

मी पाच महिन्यांत त्यांना थँक्यू म्हटलं नव्हतं. लाज वाटत होती. त्या दुपारीही म्हटलं नाही, आज सकाळी म्हटलं. ते म्हणाले, "बरं." आणि मग, "तुमच्या बहिणीचं कसं चाललंय?"

लेनी, तू माझ्यावर रागव, तुला हक्क आहे. पण त्यांना एक पत्र लिही. दुधाबद्दल आभार मानू नकोस. ते दूध जाऊ नये असंच त्यांचं मत होतं, अजूनही आहे, आणि उगाच आभार मानलेले त्यांना आवडत नाहीत. तुझ्या बहिणीला त्यांनी खोटं पडू दिलं नाही, त्याबद्दल आभार मान.

आर्डिथ